राणीच्या नवऱ्यानं उभं कुठं राहायचं

“इंग्लंडच्या राण्यांच्या नवऱ्यांविषयी आपल्याला काय माहिती आहे?” असं मी उदाजीरावांना विचारलं, तेव्हा काकासाहेबांनी नाकाशी नेलेली तपकिरीची चिमूट तशीच हवेत धरून ठेवली.

लग्नाच्या बोलणीत असला प्रश्न मोरवड संस्थानात त्याआधी कुणी विचारला नसेल. पण तो कार्यक्रम मुलगी बघण्याचा नव्हताच, मुलगा बघण्याचा होता. मुलगी म्हणजे आमच्या अक्कासाहेब, कमळजाराजे. वारलेल्या महाराजांची एकुलती एक लेक आणि गादीची वारस. त्या दिवाणखान्याच्या टोकाला चिकाच्या पडद्यामागे बसल्या होत्या, कारण मोरवडच्या राजघराण्यात गोषा कडक होता आणि नवरामुलगा झाला तरी लग्नाआधी तो परका पुरुषच. म्हणून त्यांच्या वतीनं प्रश्न विचारायची कामगिरी माझ्यावर आली होती. मी द्वारका टिपणीस, त्यांची मास्तरीण. इंग्रजी आणि इतिहास शिकवायला मला पुण्याहून आणवलं होतं.

आता संस्थानं गेली, दरबार गेले. माझ्या भाच्याच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांना हा प्रश्नच विचित्र वाटतो. पण त्या हिवाळ्यात मोरवडची गादी या एका प्रश्नावर अडून बसली होती. महाराज गेल्यापासून कारभार त्यांचे धाकटे बंधू काकासाहेब बघत होते. मुलीच्या हाती गादी द्यायला इंग्रज सरकारचे एजंटसाहेब कसेबसे तयार झाले, पण त्यांनी दोन अटींची पाचर मारून ठेवली. अक्कासाहेब सज्ञान होण्याआधी त्यांचं लग्न झालं पाहिजे, नाहीतर कारभार काकासाहेबांकडेच राहील. आणि नवरा नुसता नवरा असेल की गादीचा भागीदार, हे अक्कासाहेबांनी साखरपुड्याच्या दरबारात आपल्या तोंडानं सांगायचं. एकदा सांगितलं की त्यात बदल नाही.

म्हणून मी वर्षभर दुसरा विषयच काढला नव्हता. पहिल्या मेरीचा स्पॅनिश नवरा मी शिकवला. दरबारानं करार करून त्याचे हात बांधले, तेव्हा तो कंटाळून समुद्रापार निघून गेला आणि ती त्याची वाट बघत मेली. दुसऱ्या मेरीचा डच नवरा शिकवला. मी बायकोच्या पदराला बांधून घेणार नाही असं तो सरळ म्हणाला, मग मुकुट दोघांच्या डोक्यावर चढला आणि हुकूम मात्र एकट्या त्याचाच चालला. ॲन राणीचा डॅनिश नवरा शिकवला. तो बिचारा सालस माणूस होता, राजा होण्याचं त्यानं कधी नाव काढलं नाही. व्हिक्टोरिया राणीला तर स्वतःच्या लग्नाची मागणी स्वतःच घालावी लागली होती, कारण राणीला मागणी घालायची टाप कुणाची?

या सगळ्यांत मला पसंत होता तो डॅनिश. अक्कासाहेबांना असाच नवरा बघून द्यायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि उदाजीराव पाडळीकरांवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. माणूस देखणा, कॉलेजात शिकलेला, घोड्यावर चांगला बसणारा. पाडळीच्या जहागीरदारांचा धाकटा मुलगा, म्हणजे मागे स्वतःचं असं काही नाही. ते सगळं ठीक होतं. पण स्थळ आणलं होतं काकासाहेबांनी. अक्कासाहेबांचं लग्न झालं नाही तर ज्यांचं आयतं फावणार, तेच काकासाहेब धावपळ करून नवरदेव घेऊन येतात, स्टेशनावर मोटार पाठवतात, त्याच्या पानात स्वतः तूप वाढतात, हे माझ्या गळी उतरेना. मी मुळात संशयी बाई. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी मला वैधव्य आलं, आणि सासरच्यांनी इतकं गोड बोलून मला घराबाहेर काढलं की उंबरठा ओलांडेपर्यंत मला ते कळलंही नव्हतं. तेव्हापासून कुणी गोड बोलायला लागलं की मी आधी दार कुठं आहे ते बघून घेते.

तर उदाजीराव बोलू लागले, आणि गोडच बोलू लागले. डच नवऱ्याचं वागणं आपल्याला अजिबात पसंत नाही म्हणाले. वडिलांची गादी लेकीची, तिथं जावयानं हात घालणं हा हावरटपणा. आपल्याला आवडतो तो ॲन राणीचा डॅनिश नवरा.

“दुपारचं जेवण झालं की तो राणीच्या शेजारी बसून सफरचंद सोलायचा,” उदाजीराव हसत म्हणाले. “साल मध्ये न तुटता एका लांबीत काढून दाखवायचा, म्हणजे राज्यकारभारानं थकलेल्या राणीला हसू येई. मला विचाराल तर माझीही तेवढ्या कामावर नेमणूक झाली तरी पुष्कळ आहे.”

काकासाहेब दिलखुलास हसले आणि त्यांनी एकदाची तपकीर ओढली. पडद्याआड बांगड्यांचा आवाजसुद्धा झाला नाही. मी मात्र गार पडले.

कारण सफरचंदाची ती गोष्ट जगातल्या कुठल्याही पुस्तकात नाही. ती मी रचलेली होती. श्रावणातल्या एका दुपारी अक्कासाहेबांना धड्यावर पेंग यायला लागली, तेव्हा त्यांना हसवावं म्हणून मी ते सफरचंद त्या डॅनिश माणसाच्या हातात दिलं होतं. अभ्यासाच्या खोलीबाहेर ते जायला वाटच नव्हती. आणि पाडळीचा हा गृहस्थ ते आपल्या हातातलं असल्यासारखं आमच्यापुढे सोलत बसला होता.

मी पुढचे प्रश्न कसेबसे आटोपले. चहा झाला, पानसुपारी झाली, उदाजीराव पाहुण्यांच्या बंगल्याकडे गेले. काकासाहेब जाता जाता मला म्हणाले, “टिपणीसबाई, तुमच्या परीक्षेत मुलगा पहिल्या वर्गात पास झाला म्हणायचा.” मी हो म्हटलं. तसल्या वेळी हो म्हणावं आणि आपल्या कामाला लागावं.

घरातलं कुणीतरी फितूर होतं, एवढं उघड होतं. धड्याच्या वेळी खोलीत आम्ही चौघंच असायचो. अक्कासाहेब, मी, पायाशी बसणारी त्यांची दासी भागू, आणि मर्यादा म्हणून कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत टेकलेले काकासाहेब. पण काकासाहेब बसल्या बसल्या घोरत असत, आणि घोरणाऱ्या माणसाच्या कानात काही शिरत नाही अशी माझी समजूत होती. राहिली भागू. मी तिला कोठीच्या खोलीत गाठली आणि चांगली फैलावर घेतली. पाडळीच्या माणसांशी तुझं काय बोलणं झालं, कुणी पातळ दिलं का, कुणी भावाला नोकरी कबूल केली का, असं आडवं, उभं, सगळ्या बाजूंनी विचारून झालं. ती रडायला लागली.

“देवीच्यान सांगते बाईसाब, म्या कुनाला काय बी सांगितलं न्हाई,” ती म्हणाली. “मला त्यो डॅनिस का कोन, त्येचं नावबी घेता येत न्हाई.”

हे मात्र पटण्यासारखं होतं. तरी मी तिला सोडलं ते अर्ध्या मनानंच.

दिवेलागणीला मी अक्कासाहेबांच्या महालात गेले. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. मी दार लावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की हा माणूस पढवून आणलेला आहे. सफरचंदाचंही सांगितलं. या माणसाला होकार देऊ नका म्हटलं. आज जो इतका नरम बोलतोय तो उद्या साखरपुड्याच्या दरबारात आपल्याच तोंडून भागी वदवून घेईल आणि त्याच्या आडून दुसरंच कुणी राज्य करेल.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ती गोष्ट तुम्ही रचलीत, हे मला तेव्हाच कळलं होतं. खोटं सांगताना तुम्ही चष्मा पुसता.”

मी ओशाळले. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

“आणि उदाजीरावांना पढवलंय म्हणता, तर थोडं मीच पढवलंय.”

मी तशीच खाली बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं. उन्हाळ्यात त्या महाबळेश्वरला मावशींकडे राहायला गेल्या होत्या. मावशींच्या बंगल्यात गोषा नावापुरता होता. मामेभाऊ, मावसभाऊ, त्यांचे दोस्त, सगळे मिळून टेनिस खेळत. त्यांत उदाजीराव होते. रोज संध्याकाळी खेळ झाला की कट्ट्यावर बसून बोलणं होई, आणि बोलायला दुसरं काही नाही म्हणून अक्कासाहेबांनी माझे धडे त्यांना ऐकवले. स्पॅनिश नवरा, डच नवरा, सगळे.

“ते ऐकून काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, मला त्या डच माणसाचं पटतं. मी बायकोच्या मागं उभा राहणार नाही. शेजारी उभा राहीन, आणि तिचं चुकलं तर चारचौघांत भांडेन. असं तोंडावर म्हणाले.”

“आणि मग आपण?”

“मग मी त्यांना मागणी घातली.”

घराण्यातल्या मुलीनं पुरुषाला लग्नाचं विचारायचं, तेही टेनिसच्या कट्ट्यावर. त्यांच्या जागी दुसरी कुणी असती तर मी कानाखाली आवाज काढला असता.

“राणीला मागणी घालायची कुणाची टाप नसते, तिलाच घालावी लागते, हे तुम्हीच ना शिकवलंत?” त्या म्हणाल्या. “ते हो म्हणाले. म्हणाले, आता रीतसर काकासाहेबांच्या मार्फत येतो. त्यानंतर मी त्यांना आज पाहिलं, पडद्यातून.”

“म्हणजे सफरचंदही आपणच सांगितलंत.”

“सफरचंद तुम्ही श्रावणात काढलंत, बाई. मी त्यांच्याशी शेवटचं बोलले मे महिन्यात.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपऱ्यातली आरामखुर्ची, पोटावर बांधलेले हात आणि ते संथ घोरणं. वर्षभर मी समोर बसवून त्या माणसाला आमचा बेत ऐकवत होते. त्यांनी माझी थाप खरा इतिहास समजून जपून ठेवली, आणि मास्तरणीला काय आवडतं ते नवरदेवाला नीट घोकून दिलं. मला काकासाहेबांचा संताप आला. त्याहून जास्त राग आला तो माझ्या संशयाचा. भागूला रडवायला तो पुढे धावला होता, आणि घोरण्यापुढे आंधळा झाला होता.

“तर मग उद्याच नकार कळवू,” मी म्हटलं.

“तुम्ही नाही. मी स्वतः विचारणार आहे.”

“आणि गोषा?”

“राहू दे.”

“अक्कासाहेब, नाही म्हणालात तर एजंटसाहेब गादी द्यायचे नाहीत. काकासाहेबांचं दोन्हीकडून साधतंय. हो म्हटलं तर माणूस त्यांचा, नाही म्हटलं तर राज्य त्यांचं.”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “पण डच माणूस मला चालला असता, बाई. त्याच्याशी मी जन्मभर भांडले असते. मे महिन्यातलं खरं की आजचं, एवढं मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात पुन्हा तशीच बैठक झाली. होकाराचा नारळ द्यायचा म्हणून काकासाहेब जरीचा फेटा बांधून आले होते. उदाजीराव समोरच्या कोचावर होते, मी बाजूच्या खुर्चीवर. पडद्याआडून होकार यायचा, तो मी मोठ्यानं सांगायचा, असं ठरलं होतं.

आणि अक्कासाहेबांनी चिकाचा पडदा हातानं बाजूला केला आणि त्या सरळ बाहेर आल्या.

दारातला चोपदार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काकासाहेब उठलेच. “अक्का, आत जा,” ते हळू आवाजात म्हणाले, कुणी लहान मूल अंगणात आल्यासारखं. अक्कासाहेबांनी तिकडे पाहिलंही नाही. त्या उदाजीरावांच्या समोर येऊन बसल्या. उदाजीरावांचा चेहरा आधी खुलला, अगदी मनापासून खुलला, हे मी कबूल केलं पाहिजे. मग तो गोंधळला.

“महाबळेश्वरला तुम्ही मला एक सांगितलं होतं,” अक्कासाहेब म्हणाल्या. “काल टिपणीसबाईंना दुसरं सांगितलंत. दोन्ही खरं असू शकत नाही. मला रागही येणार नाही. तुम्हाला कुठं उभं राहायचंय, तेवढं सांगा.”

खरं तर उत्तर सोपं होतं. दोन्हीतलं कुठलंही एक चाललं असतं. उदाजीरावांनी तोंड उघडलं, आणि बोलण्याआधी काकासाहेबांकडे पाहिलं.

नजर अगदी निसटती होती, पण दिवाणखान्यात ती चुकवणारं कुणी नव्हतं. काकासाहेबांनी डोळे मिटल्यासारखे केले. उदाजीराव पुन्हा अक्कासाहेबांकडे वळले आणि काहीतरी बोलू लागले. मनात एक असलं तरी माणसानं वेळ बघून बोलावं, एकदा घरात पाऊल पडलं की सगळं आपोआप जमून येतं, काकासाहेब वडीलधारे आहेत, अनुभवी आहेत, असं ते काय काय सांगत राहिले. अक्कासाहेबांनी ते पुरतं ऐकून घेतलं.

मग त्या म्हणाल्या, “माझ्या मागं उभं राहणार नाही म्हणालात, ते खरंच होतं. काकांच्या मागं उभं राहायला तुमची हरकत नव्हती, एवढंच सांगायचं राहिलं.”

उदाजीरावांची मान खाली गेली. काकासाहेबांनी मात्र आवाज जराही चढवला नाही. “विचार करून बोल, पोरी,” ते म्हणाले. “लग्न नाही तर गादी नाही. एजंट माझं नाही, तुझंही नाही, कुणाचंच ऐकायचा नाही.”

“ठाऊक आहे, काका.”

“मग?”

“मग कारभार तुम्हीच बघा. निदान तो तुम्ही उघड बघाल.”

त्याच दुपारी पाडळीची मोटार फाटकाबाहेर गेली. काकासाहेबांचं म्हणणं खरं ठरलं, ते कितीतरी वर्षं कारभारी राहिले. ते वारल्यावर अक्कासाहेबांना गादी मिळाली तेव्हा अक्कासाहेबांचेच केस पिकायला लागले होते, आणि गादीवर जेमतेम टेकतात न टेकतात तोच संस्थान विलीन झालं. मला तर त्याच आठवड्यात निरोपाचा नारळ मिळाला. अक्कासाहेबांचं शिक्षण पूर्ण झालं, असं मला सांगण्यात आलं.

पण त्या दुपारी यातलं काहीच मला दिसत नव्हतं. मी विजयी मुद्रेनं अभ्यासाच्या खोलीत गेले. माझा संशय खरा ठरला होता, माझ्या विद्यार्थिनीनं भर बैठकीत काकासाहेबांना उघडं पाडलं होतं. एजंटसाहेबांकडे दाद मागता येईल का, असाही विचार मी वाटेत करून ठेवला होता. मोटारीचा धुरळा अजून फाटकावर होता. अक्कासाहेब खिडकीपाशी खाली जमिनीवर बसल्या होत्या, आणि भागू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मी म्हटलं, “वाचलात, अक्कासाहेब. मोठ्या संकटातून वाचलात.”

त्यांनी वर पाहिलं तेव्हा मला दिसलं की त्या केव्हाच्या रडत असाव्यात. मला वाटलं गादीसाठी. मी जवळ बसले आणि त्यांना समजवायला लागले, की दुसरा एजंट येईल, दुसरं स्थळ येईल, सरळ मनाचं, खोटं न बोलणारं. मोरवडात पाऊल ठेवल्यापासून मी दूधवाल्यापासून काकासाहेबांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता. या पोरीचा जीव जडला असेल, असा संशय मात्र मला एकदाही आला नव्हता.

“खोटं बोलल्याचं काही नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं असतं ना, तर पुढं खोटं बोलले असते तरी मी हो म्हणणार होते.”